म्हातारीच्या दोन फांद्या

किंगाच्या हातून वडिलांची टाकी मेली, ती निष्काळजीपणामुळे नव्हे. उलट तिने एक दिवसही चुकवला नव्हता. वडील, गेर्झोन, खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते आणि तिथून पुढे व्यायाम करवून घेणाऱ्या केंद्रात. तेवढे सगळे आठवडे ती बसची पाळी संपवून युरेनियम खाणीच्या कामगारांसाठी वसवलेल्या युरेनियम वस्तीतल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी जायची, माशांना चिमूटभर खाणं टाकायची आणि टाकीतलं उडून गेलेलं पाणी भरून काढायची. बाल्कनीत दोन पांढरे कॅन होते, जुळ्या भावंडांसारखे. एकात गाळलेलं गोडं पाणी, दुसऱ्यात मीठ कालवून तयार ठेवलेलं खारं. समुद्रासारख्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. किंगा रोज खाऱ्याची घालत राहिली. टाकी काठोकाठ दिसत होती, पंप फिरत होते, दिवे वेळेवर लागत आणि मालवत होते, आणि पाणी दिवसागणिक जास्त खारट होत चाललं होतं.

"काकू, सगळं पांढरं पडतंय," असा तिचा फोन आला तेव्हा एमोके, गेर्झोनसारखीच घरी प्रवाळ जगवणारी त्यांची मैत्रीण, मिरच्या चिरत बसली होती. तिची सारी नोकरी पेच शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही मोजमापाची पेटी दाराशीच असायची. ती पेटी घेऊन गेली. खारटपणा मोजायच्या नळीवर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकून तिने उजेडाकडे धरलं, तर निळी रेघ शेवटच्या आकड्याच्याही पलीकडे गेली होती. मग तिने बाल्कनीत जाऊन एकेका कॅनमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं.

"तू कुठल्यातून घालत होतीस?"

किंगाने दाखवलं. एमोकेने तो कॅन तिच्यापुढे सरकवला. किंगाने स्वतःच त्या कॅनमध्ये बोट बुडवलं, चाखलं, आणि तिथेच उंबऱ्यावर खाली बसली.

मासे दोन-तीन वाचले. प्रवाळ मात्र एकही नाही, आणि त्यांतच म्हातारी होती.

म्हातारी हे नाव गेर्झोननीच दिलेलं. खाण बंद पडायच्या आदल्या वर्षी त्यांनी ती व्हिएन्नाच्या एका दुकानदाराकडून आणली होती, करंगळीएवढी फांदी, पाण्याने भरलेल्या पिशवीत, कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. तेव्हा या शहरात घरी असलं प्रवाळ कुणी जगवलेलं नव्हतं. हिरवं अंग आणि टोकाटोकाला जांभळा रंग. वाढत वाढत ती परातीएवढं झुडूप झाली होती. दर हिवाळ्यात गेर्झोन हाडं कापायच्या कात्रीने तिच्या फांद्या छाटायचे आणि मंडळातल्या कुणाला तरी द्यायचे. मंडळ म्हणजे काय, शहरातली आणि आसपासची आठ-दहा टाळकी, महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमणारी. त्यांचा एक रिवाज होता. फांदी विकायची नाही, हाताने हातात द्यायची, आणि देताना ती कुणाची आहे ते सांगायचं. घेणाऱ्यानेही पुढे देताना तेच सांगायचं. आणि देणाऱ्याची टाकी कधी मेली, तर घेणाऱ्याने फांदी परत आणून द्यायची.

हा रिवाज मोडला एकट्या वेंडेलने. तो गेर्झोनचा खाणीतला सोबती, दोघं एकाच पाळीला असायचे. त्याने म्हातारीच्या फांद्या बाजारात मांडून, प्लास्टिकच्या पेल्यांत घालून विकल्या. गेर्झोननी भर बैठकीत त्याचा पुढे आलेला हात धरला नाही. वेंडेल टोपी घालून गेला तो पुन्हा आला नाही. राहायला तो दोनच बसथांब्यांवर होता.

एमोकेला या सगळ्यात एका गोष्टीचं अप्रूप वाटायचं, आणि ती गोष्ट ती बैठकीत कधी बोलली नव्हती. प्रवाळाची फांदी तोडून दुसऱ्या टाकीत लावली तर ती आधीच्या झुडपाचं मूल नसते. ती तीच असते. एकच जीव, आठ घरांत राहणारा. तिच्या स्वतःच्या टाकीत, डाव्या कोपऱ्यात, म्हातारी होती. म्हणजे गेर्झोनच्या घरी जी मेली, तीच.

*

नाताळाच्या आधी गेर्झोन कुबड्यांवर घरी आले. त्यांना फोनवर सांगितलेलं होतंच. टाकीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. पांढऱ्या सांगाड्यावर एव्हाना तपकिरी शेवाळ धरलं होतं.

"बारा टनांची बस गल्लीबोळातून वळवतेस," ते किंगाला म्हणाले, "आणि दोन कॅन ओळखता येत नाहीत."

एवढंच. ओरडले नाहीत, आदळआपट नाही. पुढे टाकीचं नाव काढलं नाही आणि लेकीशी कामापुरतंच बोलू लागले: औषध आण, खिडकी लाव. जेवण ती करायची, ते अर्धं टाकून उठायचे. दिवसातून दोनदा जिना चढ-उतार करायला सांगितला होता, तोही सोडला. टाकी कुणाला तरी देऊन टाका, इथे कपाट ठेवू, असं एकदा एमोकेला म्हणाले. किंगा तेव्हा स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

किंगाने टाकी दिली नाही. एमोकेच्या देखरेखीखाली ती पाणी बदलत राहिली, खडक घासत राहिली. भर घालताना आता कॅनमध्ये बोट बुडवून चाखल्याशिवाय ओतायची नाही. कॅनवर तिने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, तरी चाखायची.

जानेवारीच्या शेवटी पाणी ठीक आलं. एमोकेने आपल्या टाकीतली एक फांदी निवडली. बाजूची, दाट वाढलेली, अंगठ्याएवढी. कात्रीचा टक असा आवाज झाला आणि फांदीने आपल्या अंगावर बुळबुळीत पदर ओढून घेतला, तसं त्या करतातच. तपकिरी औषधाच्या पाण्यात ती थोडा वेळ बुडवून, धुऊन, तिने लोकर गुंडाळलेल्या बरणीत घातली आणि बसने निघाली.

गेर्झोननी बरणी हातात घेतली. दिव्याकडे धरली. फिरवून फिरवून पाहिली.

"म्हातारी," ते म्हणाले.

"तुम्हीच दिलेली. रिवाजाप्रमाणे परत."

त्या दिवशी ते स्वतः उठून चष्मा शोधायला गेले. पुढच्या आठवड्यात जिनाही उतरले. मंडळातलं कुणी भेटायला आलं की सांगायचे, बघा, लॅबवाल्या बाईंनी जपली म्हणून आज माझ्याकडे आहे. एमोकेला चिडवायला ते पूर्वीपासून लॅबवाल्या बाई म्हणत. किंगा कॉफी घेऊन यायची ती नेमकी तेव्हाच. लॅबवाल्या बाईंनी जपली. त्यात तिला टोचायचा त्यांचा हेतू नसावा. पण हेतू नसला म्हणून टोचत नाही असं थोडंच आहे. एमोकेने एकदा विषय बदलून पाहिला, पण गेर्झोन परत फांदीवर आले.

मग फेब्रुवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी किंगा सेगेदला गेली. तिथे तिहामेर राहत होता, मंडळातला सगळ्यात जुना, पण बरीच वर्षं बैठकींना न फिरकलेला, ठार बहिरा, फोन न उचलणारा. त्यालाही गेर्झोननी फांदी दिली होती. किंगा संध्याकाळी परतली ती हातात थर्मासचा डबा घेऊन. डब्यात पिशवी, पिशवीत फांदी. हिरवं अंग, टोकाला जांभळा रंग, एमोकेच्या फांदीहून अंमळ मोठी.

गेर्झोन एका कुबडीवर दारात आले होते. "तिहामेरने दिली?"

"हो."

त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. हे एमोकेला पुढच्या गुरुवारी, ती नेहमीप्रमाणे पाणी तपासायला आली तेव्हा, गेर्झोननीच सांगितलं, दुसऱ्याच कशाबद्दल सांगितल्यासारखं. लेकीने जाऊन आणली. न सांगता गेली. टेबलाशी बसून त्यांनी दोन्ही फांद्या एकाच चपट्या दगडावर शेजारीशेजारी चिकटवल्या होत्या, मध्ये नखभर अंतर ठेवून. एकाच जीवाच्या दोन फांद्या अशा लावल्या, की त्यांच्या बुडाशी पसरणारं मांस एकमेकांना भेटतं आणि एकजीव होतं. झुडूप निम्म्या वेळात भरतं. जुनी युक्ती होती, चांगली होती. एमोकेने मान डोलावली.

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या मंगळवारी एमोके गेर्झोनकडून निघून बसमध्ये बसली तर समोर चाकावर किंगा. बसमध्ये मागे एकटा वेंडेल होता, चाकांची पिशवी पायांत धरून. तो आपल्या थांब्यावर उतरला, उतरताना किंगाला टोपीला हात लावून नमस्कार केला, तिनेही मान हलवली. शेवटच्या थांब्यावर किंगाने इंजिन बंद केलं. परत निघायला वेळ होता. ती आपल्या जागेवरून उठून एमोकेच्या पुढच्या बाकावर उलटी बसली.

"काकू, ती तिहामेर काकांची नाही."

एमोके ऐकत राहिली. तिहामेरने दार उघडलं होतं, प्रेमाने कॉफी पाजली होती. पण घर खोक्यांनी भरलेलं. मुलाकडे स्वीडनला चालला होता, कायमचा. टाकी दोन वर्षांपूर्वीच मोडली, फांदी तेव्हाच गेली. किंगा तिथून निघाली, आणि गावातल्या सांस्कृतिक भवनात त्या दिवशी पाळीव प्राण्यांचा बाजार भरला होता. ससे, कबुतरं, कासवं, आणि एका कोपऱ्यात खाऱ्या पाण्याच्या टाक्या. एका बाईच्या टाकीत तिला ती दिसली. दिसली म्हणजे, तशीच दिसणारी एक.

"मी विकत घेतली. घरी येईपर्यंत खरं सांगायचं ठरवलं होतं. पण बाबा दारात उभे होते."

"मनगटावर हात ठेवला."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?" किंगा खाली बघत म्हणाली. "काकू, पंचेचाळीसची झाले मी. शाळेतल्या पोरीसारखी खोटं बोलले."

एमोकेने खिडकीबाहेर पाहिलं. मेचेकच्या डोंगरावर अजून बर्फाचे ठिपके होते. तिला जे सांगायचं होतं ते गोड करून सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि तसं सांगायची तिला सवयही नव्हती. तिने सांगितलं, की वेगवेगळ्या जीवांचं मांस एकमेकांना टेकलं की ते ओळखतं. हे आपलं नाही. मग दोघं एकमेकांना जाळतात. मध्ये पांढरी रेघ उमटते, कधी उंचवटा होतो, कधी एक दुसऱ्याला खातं. ही रेघ लपवता येत नाही, आणि गेर्झोनना तिचा अर्थ माझ्याइतकाच कळतो.

"किती दिवस आहेत?"

"महिना. थोडा जास्त."

"आणि रेघ आली तर त्यांना कळणार, मी खोटं बोलले."

"दोघींपैकी एक खोटी आहे एवढं कळेल. कुठली, ते नाही कळणार." हे बोलताना एमोकेच्या ध्यानात आलं, की आपली फांदीही संशयात येईल, आणि गेर्झोनना मग दोन्ही नकोशा होतील. ती हे बोलली नाही, पण किंगाला समजलं असावं.

"काकू, दर गुरुवारी टाकीत हात तुम्हीच घालता. बाबांना वाकता येत नाही. एखादी फांदी पडली तर... गोगलगाई पाडतातच की."

"पाडतात," एमोके म्हणाली.

किंगा उठून चाकावर जाऊन बसली. निघायची वेळ झाली होती.

*

पुढचे गुरुवार एमोकेने नेहमीच्याच कामात काढले. पाण्याचा नमुना, थेंब मोजून टाकायचे, रंग बदलला की आकडा गेर्झोनना सांगायचा. मग बाही कोपराच्या वर दुमडून हात आत. काचेवरचं शेवाळ, पंपाची जाळी, दगड सरळ करणं. आणि शेवटी भिंग काचेला लावून त्या दोन फांद्या.

दोन्ही बुडाशी पसरत होत्या. कातडीची पातळ, फिकट कड दगडावर सरकत होती, इकडून आणि तिकडून. मधला दगड कमी कमी होत चालला. गेर्झोन खुर्चीत बसून विचारायचे, "भेटल्या का?" आणि एमोके म्हणायची, "अजून नाही." त्यांना तो खेळ वाटायचा. एकदा म्हणाले, आमच्या लग्नाचीसुद्धा मी इतकी वाट पाहिली नव्हती. किंगा स्वयंपाकघराच्या दारातून एमोकेच्या चेहऱ्याकडे बघायची.

एका गुरुवारी गेर्झोन खुर्चीतच डुलकी घेत होते. किंगा कामावर. एमोकेचा हात पाण्यात होता, आणि किंगाने आणलेली फांदी तिच्या अंगठ्याला टेकत होती. गोंदाचा जोड तिला माहीत होता. थोडं तिरकं दाबलं की निघून आला असता. पंपाच्या झोतात फांदी मागच्या खडकांत पडली असती, आणि गोगलगाईंवर कुणी संशय घेतला नसता. रेघ उमटलीच नसती. किंगाचं खोटं, गेर्झोनचं जिना उतरणं, एमोकेची स्वतःची फांदी, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं.

तिने आयुष्यात न पाहिलेला आकडा कधी लिहिला नव्हता. तसा हा आकडा नव्हता हे तिला कळत होतं. माणसं आकड्यांहून महाग असतात हेही कळत होतं. तरी तिचा अंगठा हलला नाही. यात तत्त्वापेक्षा कुतूहल जास्त होतं, असं तिला नंतर वाटलं, आणि ते तिला फारसं आवडलं नाही. हात बाहेर काढून तिने पुसला. बोटं थंड पडली होती.

एप्रिल लागला तेव्हा दोन्ही कडा टेकल्या. एमोकेने भिंगातून पाहिलं आणि "टेकल्या" एवढंच सांगितलं. गेर्झोन टाकीपाशी येऊन काचेला नाक लावून उभे राहिले. किंगाने कॉफीचे कप ठेवले ते जरा जोरात. आता रेघेची वाट.

पुढच्या गुरुवारी रेघ नव्हती. एमोकेने मान्य केलं, की अजून वेळ आहे. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नव्हती. कडा एकमेकींवर चढल्या नव्हत्या, मागे सरल्या नव्हत्या. मधे फक्त एक बारीक खाच होती. आणखी एका आठवड्याने ती खाचही भरली. एमोकेने भिंग डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे नेलं. हिरवं मांस एका बुडापासून दुसऱ्या बुडापर्यंत अखंड पसरलं होतं, आणि त्यात ठिपक्यासारखी, खाणं टिपणारी नवी तोंडं उगवत होती, नेमकी जिथे शिवण असायला हवी होती तिथे.

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"काय झालं?" गेर्झोननी विचारलं. "लढल्या?"

"नाही. एकजीव झाल्या."

"मग? होणारच की. तुम्ही असं तोंड का केलंय?" ते खुशीत होते. "तिहामेरने जपली. बहिरा आहे, पण हात चांगला आहे त्याचा."

एमोके बरण्या धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. किंगा पोगाचाचं, छोट्या खाऱ्या पावांचं, पीठ लाटत होती. तिचे हात थांबले होते. तिने सगळं ऐकलं होतं.

"कसं शक्य आहे?" ती हळू आवाजात म्हणाली.

"तू आणलेली फांदीही म्हातारीच आहे. दुसरा अर्थ मला तरी लावता येत नाही."

"बाजारातली?"

"बाजारातली."

किंगाने पिठाचे हात ओट्यावर टेकले. तिहामेर आता स्वीडनला पोचला होता, पत्ताही कुणाकडे नव्हता. बाजारातल्या त्या बाईला पेचमधलं कुणी ओळखत नव्हतं. "मग आता काही सांगायला नको, ना काकू? खरं काय नि खोटं काय, झालंच की सारखं."

"नको सांगूस तर कुणाला कळणार नाही," एमोके म्हणाली. "कळायला आता काही मार्ग उरलेला नाही."

ती बाजू घेत नव्हती. जे होतं ते सांगत होती. किंगाला ते दिलाशासारखं ऐकू यायला हवं होतं. पण ती तिच्याकडे बघतच राहिली, जणू एमोकेने आणखी काहीतरी बोलायचं शिल्लक ठेवलं होतं. मग तिने हात धुतले, पुसले नाहीत, आणि तशीच बाहेर गेली.

एमोके दारात उभी राहिली. किंगा वडिलांच्या समोर, खुर्ची असून, टाकीच्या कट्ट्याला टेकून उभी होती. तिने सेगेदचं सगळं सांगितलं. खोकी, कॉफी, बाजारातली बाई. शेवटी म्हणाली, "तिहामेर काकांनी काही जपलं नव्हतं, बाबा. मी विकत आणली आणि तुमच्याशी खोटं बोलले."

गेर्झोननी टाकीकडे पाहिलं.

"त्यासाठी सेगेदला जायची काय गरज होती?" ते म्हणाले. "खोटं इथे बसूनही बोलता आलं असतं. तिकिटाचे पैसे वाचले असते."

किंगाला हसावं की रडावं कळेना. त्यांनी तिला खुर्ची दाखवली. ती बसली. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं. त्या बाईची टाकी केवढी, दिवे कुठले, फांद्या कशा लावल्या होत्या, नाव काय. किंगाला नाव विचारायचं सुचलं नव्हतं. कुणाकडून आणली तेही विचारलं नव्हतं.

"वेंडेल," गेर्झोन म्हणाले. "दुसरं कोण. त्याने पेल्यांत घालून विकल्या, त्या कुठून कुठून फिरत सेगेदला पोचल्या."

एमोकेला गप्प बसता आलं असतं. गोष्ट छान जुळत होती.

"तसं असेलही," ती म्हणाली. "पण एकजीव झाल्या यावरून दोघी एकच आहेत एवढंच कळतं. कोण कुणाकडून आली ते नाही कळत. तुम्ही म्हातारी व्हिएन्नाहून आणलीत. त्या दुकानदाराने त्या दिवशी आणखी कुणाच्या पिशवीत फांदी घातली नसेल कशावरून?"

"तो म्हणाला होता, एकच आहे."

"दुकानदार दुसरं काय म्हणणार?"

गेर्झोननी तिच्याकडे पाहिलं. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग गळ्यातून एक खोकल्यासारखा आवाज आला, आणि तो वाढत गेला तेव्हा कळलं की ते हसताहेत. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा. हसताना खुबा दुखला असावा, कारण त्यांनी कुबडी घट्ट धरली.

"म्हणजे सगळं आयुष्य मी सांगत फिरलो, माझी म्हातारी, माझी म्हातारी. आणि ती तिकडे व्हिएन्नात दहा घरं करून बसली असेल." त्यांनी डोळे पुसले. "आणि तेवढ्यावरून मी वेंडेलचा हात धरला नाही."

"त्याने रिवाज मोडला हे खरंच आहे," एमोके म्हणाली.

"खरं आहे." ते थांबले. "खाणीत एकदा छत खचलं तेव्हा पुढे हात त्याचाच आला होता. तो मी धरला होता."

त्यांनी कुबडी खुर्चीला टेकवून ठेवली.

"तुझ्या बसला असतो का अजून?" त्यांनी किंगाला विचारलं.

"मंगळवारी. बाजाराला जातो. टोपीला हात लावतो."

"त्याच्या टाकीत काय आहे, काही बोलतो?"

"टाकी आहे की नाही तेही माहीत नाही, बाबा. मी बस चालवते, पंचायत नाही चालवत."

गेर्झोन उठले. कपाटाच्या खणातून त्यांनी हाडं कापायची कात्री काढली आणि एमोकेच्या हातात दिली. त्यांच्याच्याने वाकवणार नव्हतं. एमोकेने बाही दुमडली, दगड हळूच उचलून पाण्याच्या वर, त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. दोन ठिकाणांहून उगवलेल्या फांद्यांचं आता एकच छोटं झुडूप दिसत होतं. ते चष्म्यातून बघत राहिले. कुठली लॅबवाल्या बाईंची आणि कुठली बाजारातली हे शोधत असावेत.

"कुठून कापायची?" त्यांनी विचारलं.

"कुठूनही," एमोके म्हणाली.

कात्री वाजली. फांदी बरणीत पडली, आणि किंगाने बरणीवर लोकर गुंडाळली. मंगळवारपर्यंत ती टाकीतच एका कोपऱ्यात ठेवायची होती, पण गेर्झोनना ती आधी हातात धरून बघायची होती, म्हणून तेवढा वेळ बरणी. देताना काय सांगायचं, असं किंगाने विचारलं. कुणाची म्हणून सांगू? नुसती दे, ते म्हणाले, तो ओळखेल. नाही ओळखली तर मग मीच येतो खाली तुझ्या बसला, बघू.

दिवसभरात टाकीची पातळी बोटभर उतरली होती ते किंगानेच पाहिलं. ती बाल्कनीत गेली, कॅन घेऊन आली, खाली ठेवला. झाकण काढून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. गेर्झोन तिच्याकडे बघत होते.

"गोड आहे," ती म्हणाली.

"मग ओत की," ते म्हणाले.